बरणीतला कोळी

(दृश्य: पांढरी भिंत. ट्यूबलाइटच्या उजेडात एक कोळी थबकत थबकत पुढे सरकतो.)

हा प्लेक्सिपस पेकुली. जेमतेम सेंटिमीटरभराचा, पण शिकारी पक्का. जाळं विणून वाट बघत बसणं याला जमत नाही. दबा धरायचा आणि झेप घ्यायची. आठ डोळ्यांपैकी पुढचे दोन टपोरे. कॅमेरा जवळ नेला, तर अंग वळवून तोच आपल्याला निरखतो. पाळायचा मोह होतो तो इथेच.

पकडायला काचेचा ग्लास आणि जाड कागद पुरतो. मग बारीक भोकांची पारदर्शक बरणी, आत एक काडी, रोज पाण्याचा थेंब, दोन-तीन दिवसांनी जिवंत माशी. फवारा मारून पाडलेली नको. खरी अडचण झाकणाची. झोपायची रेशमी पिशवी हा हटकून वरच्या बाजूला विणतो; झाकण फिरवलं की ती फाटते. म्हणून बरणी उलटी ठेवायची, झाकण खाली.

(दृश्य: नराच्या तोंडाचा जवळून घेतलेला शॉट.)

भिंतीवरून उचललेल्या कोळ्याचं वय मात्र कुणी सांगू शकत नाही. तोंडाजवळचे हे दोन अवयव पाहा, टोकाला फुगलेले. म्हणजे हा वयात आलेला नर. आता तो कात टाकणार नाही. उरलेत ते दिवस मादी शोधायचे. ते बरणीत घालवायला लावू नयेत, असं आपलं माझं मत. चार दिवस बघावा, सोडावा.

हे सगळं घरातल्या कोळ्यांपुरतं हं. सह्याद्रीत झाडांच्या ढोलीत राहणारे मोठे, केसाळ पोसिलोथेरिया पकडायच्या भानगडीत पडू नका. त्यांच्या व्यापारावर २०१९ पासून साइट्स या आंतरराष्ट्रीय वन्यजीव-व्यापार कराराची बंधनं आहेत, आणि २०२२ च्या दुरुस्तीनंतर आपला वन्यजीव कायदाही अशा प्राण्यांची दखल घेतो. आंध्रातला निळाशार पोसिलोथेरिया मेटालिका तर एका छोट्या जंगलपट्ट्यात उरलाय, तरी हौशी लोकांच्या बाजारात त्याला गिऱ्हाईक आहेच.

(दृश्य: बरणीत जाड, पांढरी पिशवी.)

तपकिरी मादी सापडली, तर ती आधीच नराला भेटलेली असू शकते. ती एकाएकी खाणं सोडते, पिशवीबाहेर येत नाही. कात टाकत असेल, असं वाटतं. पिशवी उघडून बघू नका, आत अंडी असतील. पिल्लं बाहेर पडून फिरू लागली, की बरणी बाल्कनीत कुंड्यांमध्ये आडवी ठेवायची, झाकण काढून. कोंडून ठेवली, तर ती एकमेकांनाच खातात.