बाटलीतल्या व्हिटॅमिनचा फायदा कुणाला?

मघाशी चहा घेताना एका ताईंनी विचारलं, मुलगा सारखा कोला मागतो म्हणून मी त्याऐवजी व्हिटॅमिनवालं ड्रिंक देते, ते तरी बरं ना? तिथे घाईत उत्तर देणं नको वाटलं, म्हणून आता सगळ्यांसमोरच सांगते.

अमेरिकेतल्या व्हिटॅमिनवॉटर या पेयाचंच उदाहरण घ्या. 2007 मध्ये कोका-कोलाने ते बनवणारी कंपनी 4.1 अब्ज डॉलरला विकत घेतली. नावात व्हिटॅमिन आहे, पाणी आहे, साखर मात्र नाही, आणि तेव्हाच्या 20 औंसाच्या बाटलीत, म्हणजे जवळपास 600 मिलीमध्ये, साधारण 33 ग्रॅम साखर असायची, म्हणजे चहाचे आठ चमचे. पण लेबलवर आकडा काय दिसायचा, तर 13 ग्रॅम! कारण तो एका सर्व्हिंगचा, म्हणजे एका वेळी प्यायच्या मापाचा, आणि बाटलीत सर्व्हिंग अडीच. आता उन्हातून आलेलं पोर अडीच वेळा मोजून पितं का हो, एका दमात रिकामी करतं.

2009 मध्ये सेंटर फॉर सायन्स इन द पब्लिक इंटरेस्ट या ग्राहक संघटनेने कंपनीवर केस केली, आणि कोर्टात कंपनीच्या बाजूने म्हटलं गेलं की हे पेय हेल्दी आहे असा कुठल्या ग्राहकाचा गैरसमज होणं शक्यच नाही. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला फार राग आला, कारण जाहिरात तर आरोग्याचीच होती. 2010 मध्ये जजनी केस काढून टाकायला नकार दिला आणि पुढे तडजोड झाली, नावाजवळ गोडी घातली आहे असं लिहायचं आणि कॅलरी ठळक दाखवायच्या.

मग व्हिटॅमिन खोटं असतं का? नाही, असतं. पण त्यात घालतात ती बरीचशी बी आणि सी, पाण्यात विरघळणारी, शरीराला लागतं तेवढं घेतं आणि बाकीचं बहुतेक लघवीवाटे जातं. ज्या घरात वरणभात, भाजी, फळ रोज पोटात जातं तिथे त्या बाटलीने भरून काढावं असं फारसं काही उरतच नाही. साखर मात्र सगळी आत राहते, आणि ती पातळ असल्यामुळे पोट भरल्यासारखंही वाटत नाही, वर जेवण आहे तेवढंच.

वरून व्हिटॅमिन घालणंच वाईट असं मी मुळीच म्हणत नाहीये. मिठात आयोडीन घातलं म्हणून किती गावांतला गलगंड कमी झाला. पण मीठ घरोघरी लागतं, चिमटीने लागतं, आणि आयोडीन आहे म्हणून कुणी जास्त मीठ खात नाही. ड्रिंकच्या बाबतीत नेमकं उलटं होतं, व्हिटॅमिन आहे म्हणून आई दुसरी बाटली देते. अमेरिकेच्या एफडीएचं, म्हणजे तिथल्या अन्न आणि औषध खात्याचं, धोरणच आहे की गोळ्या-चॉकलेटं आणि फसफसणारी पेयं यांत व्हिटॅमिन घालणं योग्य नाही, आणि 2008 मध्ये व्हिटॅमिन घातलेल्या डाएट कोक प्लसबद्दल त्यांनी कोका-कोलाला इशाऱ्याचं पत्रही पाठवलं, त्यात तर साखरसुद्धा नव्हती.

हां, मागून विचारतायत की मग शुगर-फ्री चालेल का. साखरेची माझी तक्रार तिथे संपली, पण उरतं काय, तर चव आणि थोडं व्हिटॅमिन घातलेलं महागडं पाणी. 100 ग्रॅमच्या एका पेरूत साधारण 200 मिलीग्रॅम व्हिटॅमिन सी असतं, मोठ्या माणसाच्या दिवसाच्या गरजेच्या दुपटीहून जास्त. ताई, तुमच्या मुलाला पेरूच तिखटमीठ लावून द्या, आणि तहानेला माठातलं पाणी.