लग्नातले सबस्क्रायबर

(फोंडा तालुक्यातल्या एका वाचनालयात झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)

अध्यक्षमहाराज आणि मंडळी, बाहेरच्या फळ्यावर विषय लिहिलाय 'यूट्यूब चॅनलचा प्रेक्षक झपाट्याने कसा वाढवावा', आणि माझ्या नावापुढे लिहिलंय 'तज्ज्ञ'. हे कोणी लिहिलं ते मला ठाऊक आहे. तो मागच्या दाराशी उभा आहे, माझा भाचा. मी निवृत्त भूगोलाचा मास्तर. घरामागे थोडं कुळागर आहे, सुपारी, मिरी, चार जायफळं. चॅनल त्यावरच.

तुमच्यातल्या किती जणांचं चॅनल आहे? हात वर करा बघू. बरेच आहेत. आता एकमेकांचे व्हिडिओ शेवटपर्यंत कोण बघतं? एकही हात नाही. म्हणजे भाषण इथेच संपवलं तरी चालेल.

माझं म्हणणं एवढंच आहे की ओळखीचा सबस्क्रायबर चॅनलला जड होतो. हे मला कसं कळलं ते सांगतो. जाहिरातीच्या पैशातला वाटा हवा तर १००० सबस्क्रायबर लागतात. आमचे होते २१४. त्यातच बहिणीच्या मुलीचं लग्न आलं. मी आणि हा भाचा हॉलच्या दाराशी खुर्च्या टाकून बसलो. अक्षता घ्यायला जो येईल त्याचा मोबाइल मागायचा, सबस्क्राइबचं बटण दाबायचं, मग अक्षता द्यायच्या. काहींना वाटलं आहेराची नवी पद्धत आली. एका म्हाताऱ्या आत्येने तर बटव्यातून शंभराची नोट काढून दिली. संध्याकाळपर्यंत आकडा आठशेच्या पुढे. मला वाटलं, किल्ला सर झाला.

पुढच्या आठवड्यात मिरीच्या वेलाच्या कलमाचा व्हिडिओ टाकला. तीन दिवसांत ३७ वेळा पाहिला गेला, त्यात निदान दहा वेळा मीच. पण बाजारात भेटेल तो म्हणतो, "सर, तुमचो व्हिडिओ पळयलो, बरो जाला!" मी विचारतो, कसला होता? "तो... माडाचो न्हय?"

यात माणसांचा दोष नाही. त्यांना वधूवरांना आशीर्वाद द्यायचा होता, मिरीला नाही. पण कोणाला कुठला व्हिडिओ सुचवायचा ते ठरवणाऱ्या यूट्यूबच्या यंत्राला लग्न कळत नाही. नवा व्हिडिओ ते ज्यांच्यापुढे ठेवतं त्यात ही मंडळीही असतात. ती बोट न लावता पुढे सरकली, की यंत्राला वाटत असणार, हा माल कोणाला नकोय. आणि १००० हा अर्धाच भाग. मागच्या १२ महिन्यांत ४००० तास बघितलं गेलेलंही लागतं. ४००० तास म्हणजे २,४०,००० मिनिटं. माझा व्हिडिओ लोक सरासरी दोन मिनिटं बघत. म्हणजे १,२०,००० वेळा! आमच्या वाड्याने शेतं पडीक टाकून बघितलं असतं तरी भागलं नसतं. (हा आकडा वाढवायला माझी बायको रात्री मोबाइल चालू ठेवून झोपायची. करू नका. बॅटरी फुगते.)

आपल्या केरीच्या गायिका केसरबाई केरकरांचा आवाज १९७७ मध्ये व्हॉयेजर यानातून अवकाशात गेला. तिकडून अजून एक लाइक आलेला नाही, पण त्यांनी कोणाच्या लग्नात दाराशी बसून मोबाइल मागितले नाहीत. असो. अध्यक्ष घड्याळ बघताहेत.

मग भाच्याने मला तो आलेख दाखवला, प्रेक्षक कुठे उठून जातात त्याचा. सुरुवातीला माझी समई, सनई, नारळीच्या झावळ्या, अठ्ठावीस सेकंद. रेघ कड्यावरून खाली पडावी तशी. तो काचेवर बोट टेकवून म्हणाला, "मामा, हांगा पळय. हांगा तूं नमस्कार म्हणटा." मी नमस्कार म्हणेपर्यंत निम्म्याहून अधिक लोक गेलेले! जत्रेच्या नाटकात नांदी लांबली की मागची रांग चणे घ्यायला उठते, तसंच. मी पस्तीस वर्षं वर्गात हेच केलं असणार, फक्त पोरांना उठता येत नव्हतं.

आता माटोळी, म्हणजे गणेश चवथीला गणपतीच्या डोक्यावर फळं-रानफळं टांगून बांधतात ती चौकट. एका चवथीला आमच्या घरची माटोळी बांधतानाचा व्हिडिओ केला. कांगले कुठलं, कवंडळ कुठलं, घागऱ्या कशा ओळखायच्या. नाव दिलं 'गोमंतकीय निसर्गवैभव, भाग ७'. चवथीच्याच संध्याकाळी टाकला. कोण बघणार? सगळ्यांच्या माटोळ्या बांधून झालेल्या! पुढच्या वर्षी तेच चित्रण कापून-छाटून चवथीच्या पाच आठवडे आधी टाकलं. नाव दिलं 'माटोळीला काय काय लागतं? कांगले असं ओळखा'. पहिल्याच सेकंदाला हातात कांगल्याचा घोस, समई नाही, सनई नाही. म्हापशाचा शुक्रवारचा बाजार आणि बाणस्तारीचा माटोळीचा बाजार भरेपर्यंत जे खाली कॉमेंट लिहीत होते त्यातलं एकही नाव माझ्या ओळखीचं नव्हतं. मला इतका आनंद पेन्शन सुरू झाली तेव्हाही झाला नव्हता.

चिठ्ठी आली, सात मिनिटं राहिलीत. म्हणजे जाहीर केलेला विषय आता सुरू करतो.

माणसं काय टाइप करतात ते आधी बघा. शोधाच्या चौकटीत दोन अक्षरं घाला, खाली सूचना येतात, त्या उतरवून घ्या. आपली पोरं मराठीही रोमी अक्षरांत टाइप करतात, तेव्हा वर्णनात तेही असू द्या. सणाचं चित्रण यंदा करून ठेवा, पुढच्या वर्षी आधी टाका. आवरणचित्रावर, म्हणजे थंबनेलवर, एकच वस्तू, मोठी. तीन चित्रं लावून कुठलं चालतं ते तपासायची सोय आता यूट्यूबनेच दिली आहे. दिसलं आणि दाबलं, याचं प्रमाण निम्म्या चॅनलांचं २ ते १० टक्क्यांत असतं असं तेच सांगतात, म्हणून चार टक्के आले तर रडू नका. २०१२ पासून शिफारस करताना नुसते व्ह्यू नव्हे, किती वेळ बघितलं तेही मोजतात. म्हणून एका व्हिडिओच्या शेवटी पुढचा दाखवा, कांगल्यानंतर कवंडळ. शॉर्ट्सनी तोंडओळख होते, पण शॉर्ट्सच्या रांगेत बघितलेला वेळ त्या ४००० तासांत धरत नाहीत. आणि सबस्क्रायबर विकत घेणं किंवा 'तू माझं कर, मी तुझं करतो', दोन्ही नियमात बसत नाही.

भजनी मंडळ आलंय, पखवाजाला कणीक लावायला घेतलेली मला इथून दिसतेय. मधल्या रांगेतून विचारताहेत, त्या लग्नातल्या सबस्क्रायबरांचं काय केलंत? काही नाही. त्यांना आपण होऊन काढायला गेलो तर दिसेल वाईट, आणि वैशाखात धाकटीचं लग्न आहे.