उतारावरचा सामू: टुंड्राची माती आम्ल का होते

[दृश्य: माथेरानची तांबडी पायवाट, मुसळधार पाऊस]

मुंबईकराला आम्ल माती बघायची तर माथेरान जवळ आहे. तिथला पाऊस मातीतला चुना, मॅग्नेशियम धुऊन नेतो आणि लोह-ॲल्युमिनियमची जांभी माती मागे उरते. अलास्काच्या नॉर्थ स्लोपवर, म्हणजे उत्तरेकडच्या झाडं नसलेल्या, गोठलेल्या टुंड्रात मात्र वर्षभराचा पाऊस आणि बर्फ मिळूनही मुंबईच्या एका जुलैची बरोबरी होत नाही. तरी तिथे मातीचा सामू, म्हणजे pH (7 उदासीन, त्याखाली आम्ल), 4 पर्यंत उतरलेला सापडतो. इतक्या थोड्या पाण्यात हे घडतं कसं?

[दृश्य: मातीचा उभा छेद, तळाशी बर्फ]

कारण खाली आहे. उन्हाळ्यात वरची साधारण 30 ते 60 सेंटिमीटर माती वितळते, त्याखाली कायम गोठलेला थर, म्हणजे पर्माफ्रॉस्ट. पाणी खोल मुरूच शकत नाही. एक तर उताराने सरकतं, नाहीतर साचतं. थंड, चिंब, हवा न मिळणाऱ्या जागी पालापाचोळा नीट कुजत नाही. त्याचा अर्धवट कुजलेला थर, म्हणजे पीट, साचत जातं आणि त्यातून सेंद्रिय आम्लं सुटतात. वर स्फॅग्नम शेवाळ असतं. ते पाण्यातलं कॅल्शियम धरून ठेवतं आणि बदल्यात हायड्रोजन आयन सोडतं. आपली जागा ते स्वतःच आम्ल करून घेतं, हे विलक्षण आहे.

म्हणून जागेच्या उंचीवरून सामू ठरवायला गेलं तर नुसता उंचीचा आकडा फसवा. माथ्यावर वारा बर्फ टिकू देत नाही, पीटचा थर पातळ राहतो आणि मुळं थेट दगडगोट्यांत जातात. दगड चुनखडीचे असतील तर सामू 7 च्या आसपास. त्याच टेकडीच्या सौम्य उतारावर कापूसगवताचे गुच्छ, शेवाळ आणि सामू साडेपाचच्या खाली. 7 आणि 4 मधला फरक तीन अंकांचा दिसतो, पण आम्लतेत तो हजारपट आहे.

नॉर्थ स्लोपवरच्याच टूलिक सरोवराभोवती आणखी एक गोष्ट कळते. हिमनद्यांनी वेगवेगळ्या काळात टाकलेला गाळ तिथे शेजारी शेजारी आहे. जुन्या गाळातला चुना धुऊन गेलाय, ताज्या गाळात अजून आहे. उंची, उतार सारखे असूनही सामू वेगळा येतो. कुठे गोठण्या-वितळण्यात माती घुसळून खालचा चुना वर येतो, तर तिथून जाणाऱ्या डाल्टन महामार्गालगत रस्त्याची धूळ सामू वाढवते आणि स्फॅग्नम मरतं.

[दृश्य: प्रयोगशाळा, सामूमापक]

मोजणीत चूक बहुधा पीटपाशी होते. खनिज माती 10 ग्रॅम आणि ऊर्ध्वपातित पाणी 25 मिलिलिटर, हे नेहमीचं प्रमाण. पीट तेवढं पाणी पिऊन टाकतं, इलेक्ट्रोडला द्रव उरतच नाही. त्याला एकास दहा घ्या. आधी सामू 4 आणि 7 च्या बफरवर, म्हणजे सामू ठाऊक असलेल्या द्रावणांवर, यंत्र जुळवा, मिश्रण ढवळून अर्धा तास ठेवा. पीट आणि खालची खनिज माती एकत्र करू नका. दोन्ही मिसळून आलेला आकडा एकाही थराचा नसतो.

बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात असा अभ्यास करायचा तर नमुन्यांसाठी आधी वनखात्याची परवानगी घ्या. एकाच उताराच्या माथ्यावरून, मध्यातून आणि ओढ्याकाठून, सारख्याच खोलीवरची माती घ्या. उंचीसोबत उताराचा कोन, खालचा खडक आणि पाणी कुठून येऊन कुठे जातं, हेही नोंदवहीत हवं.