फँटसी फुटबॉल: फ्लेक्सच्या जागेत कोणाला बसवायचं?

(दृश्य: स्टेडियमचे दिवे, मैदानावर उतरणारे खेळाडू. मोबाइलच्या पडद्यावर नऊ नावांची यादी.)

अमेरिकेत फुटबॉल म्हणजे चेंडू हातात धरून पळायचा खेळ. हे एकदा मान्य केलं की पुढचं सगळं समजायला सोपं जातं.

सप्टेंबरपासून एनएफएलचा, म्हणजे तिथल्या व्यावसायिक फुटबॉल स्पर्धेचा, आठवडा गुरुवारी रात्री सुरू होतो आणि सोमवारी रात्री उशिरा संपतो. मैदानावर 32 संघ खेळतात. पण त्यांच्याच खेळाडूंमधून आपापला संघ उभा करून, त्यांच्या मैदानावरच्या कामगिरीचे गुण मोजत घरबसल्या एकमेकांशी झुंजणारे मालक अगणित आहेत. या खेळाला म्हणतात फँटसी फुटबॉल.

याची सुरुवात 1962 सालची. ओकलंड रेडर्स संघाचे एक भागीदार, बिल विंकनबाख, संघाबरोबर न्यूयॉर्कला गेले होते. तिथल्या हॉटेलात त्यांनी आणि सोबतच्या मंडळींनी नियम लिहून काढले. पुढच्या वर्षी ऑगस्टमध्ये विंकनबाख यांच्या घराच्या तळघरात पहिला ड्राफ्ट, म्हणजे आळीपाळीने खेळाडू निवडण्याचा कार्यक्रम, झाला. आठ मालक होते. सगळ्यात पहिलं नाव उचललं गेलं ते जॉर्ज ब्लांडाचं. हा गडी ह्यूस्टन ऑयलर्सचा क्वार्टरबॅक, म्हणजे पास फेकणारा, आणि किकही तोच मारायचा.

ड्रीम 11 खेळलेल्यांनी इथे एक फरक ध्यानात घ्यायला हवा. तिथे एकच फलंदाज एकाच वेळी लाखो जणांच्या संघात असू शकतो. इथे बारा जणांच्या लीगमध्ये, म्हणजे गटात, एक खेळाडू एकाच मालकाचा. तुम्ही घेतला, की उरलेल्या अकरा जणांनी हात चोळत बसायचं.

(दृश्य: लाइनअपचे नऊ चौकोन. एकेक उजळत जातो.)

दर आठवड्याला आपण घेतलेल्या खेळाडूंतले नऊ जण मैदानात उतरवायचे. सर्वसाधारण मांडणी अशी: एक क्वार्टरबॅक, दोन रनिंग बॅक (चेंडू घेऊन पळणारे), दोन वाइड रिसीव्हर (पास झेलणारे), एक टाइट एंड (झेलतोही आणि अडवतोही), एक किकर, आणि एका अख्ख्या संघाचा डिफेन्स. झाले आठ. नववी जागा फ्लेक्सची. तिथे रनिंग बॅक चालतो, रिसीव्हर चालतो, टाइट एंडही चालतो. पत्त्यांतल्या जोकरसारखी जागा.

बहुतेक मालक या जागेचा विचार अगदी शेवटी करतात. उरलासुरला बरा खेळाडू तिथे टाकतात आणि झोपायला जातात. त्यांना हरवणं सोपं असतं.

पहिला प्रश्न, तिथे पळणारा बसवायचा की झेलणारा? याचं उत्तर तुमच्या लीगच्या गुणपद्धतीत असतं. पळून किंवा झेलून मिळवलेल्या दहा यार्डांना एक गुण, टचडाउनला, म्हणजे चेंडू पलीकडच्या टोकाच्या पट्ट्यात नेला की, सहा गुण, इथपर्यंत बहुतेक लीगमध्ये सारखंच. पण काही लीगमध्ये प्रत्येक झेलाला वेगळा एक गुण मिळतो, काहींत अर्धा, काहींत शून्य.

न्यू इंग्लंड पेट्रियट्सचे दोन खेळाडू घेऊ. वेस वेल्कर, 2009 चा हंगाम: 123 झेल, 1348 यार्ड, टचडाउन फक्त चार. लगॅरेट ब्लाउंट, 2016 चा हंगाम: धावून 1161 यार्ड, 18 टचडाउन, आणि झेल अवघे सात, 38 यार्डांचे. वेल्करच्या मोजक्या धावा आणि दोघांचे फंबल, म्हणजे हातून निसटलेले चेंडू, सोडून देऊ.

(दृश्य: दोन स्तंभ, आकडे बदलत जातात.)

झेलाला गुण नसेल तर ब्लाउंट 228, वेल्कर 159. सामनाच नाही. अर्धा गुण धरा: 231 विरुद्ध 220. पूर्ण गुण धरा, आणि वेल्कर 282 वर जातो, ब्लाउंट 235 वर अडकतो. खेळाडू तेच, खेळ तोच. हिशेबाची एक ओळ बदलली आणि कोण मोठा ते उलटलं. म्हणून मित्राने त्याच्या लीगमध्ये कोणाला खेळवलं, हे विचारून फ्लेक्स भरणं म्हणजे शुद्ध आळस.

यात पुरवठ्याचाही भाग आहे. बारा मालकांना दोन-दोन म्हणजे 24 रनिंग बॅक लागतात. संघ 32, आणि त्यांतले बरेच आता दोघातिघांना आलटून पालटून पळवतात. म्हणजे पंचविसाव्या नंबरपासून पुढे गाळच हाती येतो. रिसीव्हरचं तसं नाही, एकेक संघ तीन-तीन रिसीव्हर मैदानात उतरवतो. त्यामुळे झेलाला पूर्ण गुण असेल तिथे फ्लेक्समध्ये बहुधा रिसीव्हरच शोभतो. टाइट एंड तिथे क्वचित. ट्रॅव्हिस केल्सीसारखा एखादा असला, तर तो टाइट एंडच्याच जागेवर जास्त कामाचा, कारण त्या जागेवर बाकी मालकांचे हाल असतात.

काही लीगमध्ये सुपरफ्लेक्स असतो, तिथे क्वार्टरबॅकही बसवता येतो. मग ड्राफ्टच्या पहिल्या फेरीत क्वार्टरबॅकवर उड्या पडतात. बारा मालकांना दोन-दोन, आणि अख्ख्या एनएफएलमध्ये मिळून सुरुवात करणारे फक्त 32!

(दृश्य: भिंतीवर घड्याळ. खेळाडूंच्या नावांसमोर सामन्यांच्या वेळा.)

आता मुद्द्याचं. फ्लेक्सची खरी किंमत खेळाडूपेक्षा घड्याळात आहे, असं आमचं मत.

ज्याचा सामना सुरू झाला, त्याची जागा लॉक होते, मग बदल करता येत नाही. आणि जायबंदी खेळाडू खेळणार की नाही, याची अधिकृत यादी सामन्याच्या फक्त दीड तास आधी येते.

समजा, तुमच्याकडे तीन रिसीव्हर आहेत. एक गुरुवारी खेळतो, दुसरा रविवारी दुपारी एकला, तिसरा रविवारी चार पंचवीसला. तिसऱ्याची मांडी दुखावलेली. गुरुवारवाल्याला तुम्ही फ्लेक्समध्ये टाकलं, बाकी दोघांना रिसीव्हरच्या जागी. रविवारी दुपारी तीनच्या सुमाराला कळतं की तिसरा खेळत नाही. एकचे सामने कधीच सुरू झालेत, बेंचवरचे त्या वेळचे सगळे लॉक. उरलाय तो रात्रीच्या सामन्यातला एक रनिंग बॅक. पण रिकामी झालेली जागा रिसीव्हरची! रनिंग बॅक तिथे बसत नाही. पदरी शून्य.

आता तेच तिघे, जागा बदलून. गुरुवारवाला रिसीव्हरच्या जागी, दुखावलेला फ्लेक्समध्ये. तोच निरोप येतो, आणि तुम्ही रात्रीचा रनिंग बॅक निवांत फ्लेक्समध्ये सरकवता. एक पैसा खर्च नाही, एक खेळाडू बदललेला नाही. ज्याचा सामना सगळ्यात उशिरा, तो फ्लेक्समध्ये, एवढंच करायचं. गुरुवारच्या खेळाडूला फ्लेक्समध्ये बसवणारे तरी दर आठवड्याला भेटतात.

अमेरिकेतल्या ऑफिसच्या लीगमध्ये पुण्यातून खेळणाऱ्यांची मात्र यात पंचाईत होते. न्यूयॉर्कमध्ये दुपारचा एक, तेव्हा पुण्यात रात्रीचे साडेदहा. नोव्हेंबरमध्ये तिकडची घड्याळं मागे गेली की साडेअकरा. चार पंचवीसच्या सामन्याची यादी मध्यरात्र उलटल्यावर येते. गजर लावायचा की नशिबावर सोडायचं, हे ज्याचं त्याने ठरवावं.

(दृश्य: सोमवार रात्र. दोन गुणसंख्या शेजारी शेजारी.)

फ्लेक्स सोमवारपर्यंत मोकळा राहिला, तर आणखी एक गोष्ट हाती येते: किती गुण हवेत, ते माहीत असतं. तुम्ही सहा गुणांनी मागे आहात, प्रतिस्पर्ध्याचे सगळे खेळून झालेत, तर पाच-सहा छोटे झेल हमखास घेणारा रिसीव्हर बरा. पंचवीसने मागे असाल तर तो काय कामाचा? तिथे लांब पासांमागे पळणारा हवा. चार वेळा त्याचा हात रिकामा राहील, पण पाचव्यांदा सत्तर यार्ड आणि टचडाउन घेऊन येईल. आणि एखाद्या गुणाने पुढे असाल, फंबलला दोन गुण कापले जात असतील, तर जागा चक्क रिकामी सोडणारेही मालक असतात. काही लीगमध्ये याला मनाई आहे, तेव्हा आधी नियम वाचून घ्या.