काच कुणासाठी पारदर्शक?

[दृश्य: थर्मल कॅमेऱ्याचा पडदा. चष्मा लावलेला माणूस, एक हात काळ्या पिशवीत.]

आपल्या अंगातून सतत अवरक्त किरण बाहेर पडत असतात. हा कॅमेरा तेच टिपतो. या माणसाने हात काळ्या, पातळ प्लॅस्टिकच्या पिशवीत घातलाय. आपल्याला नुसती पिशवी दिसली असती. कॅमेऱ्याला पाचही बोटं दिसताहेत.

आता त्याच्या चष्म्याकडे बघा. डोळ्यांच्या जागी दोन काळे गोल. काचेतून काहीच आरपार येत नाहीये. कॅमेऱ्याच्या लेखी ती भिंत आहे.

म्हणजे ‘काच पारदर्शक असते’ हे वाक्यच अपुरं. कोणत्या प्रकाशाला, ते आधी सांगावं लागतं.

[दृश्य: हिरा आणि ग्रॅफाइटचा तुकडा, शेजारी शेजारी.]

अणूंच्या मधे मोकळी जागा असते, तिथून प्रकाश निसटतो, असं उत्तर पुष्कळदा ऐकू येतं. ते इथेच कोलमडतं. हिरा आणि ग्रॅफाइट, दोन्ही निव्वळ कार्बन. त्यांतला हिरा जास्त दाट: घन सेंटिमीटरला सुमारे 3.5 ग्रॅम, ग्रॅफाइट 2.2 च्या आसपास. आणि प्रकाश आरपार जातो तो दाट हिऱ्यातून!

खरा निवाडा इलेक्ट्रॉन करतात. प्रकाशाची ऊर्जा फोटॉनच्या पुड्यांत येते. साधारणपणे इलेक्ट्रॉन एका वेळी एक पुडा घेतो. घेतला तर अख्खा, नाहीतर नाहीच. आणि तो घेऊन वर चढायला नेमकी तेवढ्या उंचीवर जागा हवी. दृश्य प्रकाशाच्या फोटॉनची ऊर्जा साधारण 1.8 ते 3.1 इलेक्ट्रॉन व्होल्ट (इतकी चिमुकली ऊर्जा मोजायचं हे एकक). शुद्ध सिलिकाच्या काचेत मात्र पहिली रिकामी पायरी जवळपास 9 इलेक्ट्रॉन व्होल्ट वर आहे. हिऱ्यात साडेपाच. तांबडा असो वा जांभळा, एकाही फोटॉनच्या अंगात तेवढं बळ नाही. इलेक्ट्रॉन त्याला घेऊच शकत नाही, म्हणून तो पुढे जातो. ग्रॅफाइटमध्ये अशी उंच पायरीच नाही. जो रंग येईल तो शोषला जातो.

सिलिकॉन या दोघांच्या मधला, आणि माझ्या मते सगळ्यांत बोलका. त्याची पायरी 1.1 इलेक्ट्रॉन व्होल्टवर. त्यामुळे डोळ्यांना तो राखाडी, धातूसारखा चकाकणारा दिसतो. पण तरंग जितका लांब, तितका फोटॉन दुबळा; म्हणून 1100 नॅनोमीटरहून लांब तरंगांचा अवरक्त प्रकाश त्याच्यातून खुशाल जातो. त्या प्रकाशासाठी सिलिकॉनची भिंगंही बनवतात.

[दृश्य: काचेच्या ठोकळ्यात शिरणारा किरण.]

शोषला गेला नाही म्हणजे प्रकाश काचेला न शिवता गेला, असं मात्र नाही. वाटेतला प्रत्येक इलेक्ट्रॉन त्याच्या तालावर किंचित झुलतो, आणि झुलता झुलता स्वतःची बारीकशी लहर सोडतो. या सगळ्या लहरी मूळ प्रकाशात मिसळून जी लाट तयार होते, ती सेकंदाला तीन लाखांऐवजी सुमारे दोन लाख किलोमीटर वेगाने सरकते. प्रकाश वाकतो, भिंग चालतं, ते यामुळेच.

मग चष्मा काळा का? अंगाच्या उष्णतेचे किरण बरेच लांब तरंगांचे, 10 मायक्रोमीटरच्या आसपासचे. त्यांच्या तालावर काचेतले सिलिकॉन-ऑक्सिजनचे बंधच थरथरू लागतात आणि ऊर्जा पिऊन टाकतात. पिशवीच्या प्लॅस्टिकमध्ये, म्हणजे पॉलिथिनमध्ये, तसे बंध नाहीत.

[दृश्य: खलबत्त्यात कुटलेली काच.]

पण इलेक्ट्रॉनचा निवाडा अनुकूल असला की काम झालं, असंही नाही. काच कुटली की पांढरीफेक भुकटी होते. पदार्थ तोच, इलेक्ट्रॉन तेच. फक्त आता काच आणि हवा यांच्या असंख्य सीमा झाल्या, आणि प्रत्येक सीमेवर थोडा प्रकाश परततो, थोडा वाकतो. बोरोसिलिकेट काचेचा, म्हणजे प्रयोगशाळेतल्या भांड्यांच्या काचेचा, असाच चुरा ग्लिसरिनमध्ये टाकून बघा. दोघांचा अपवर्तनांक, म्हणजे प्रकाश किती मंदावतो त्याचा आकडा, जवळजवळ सारखा: 1.47. चुरा दिसेनासा होतो!

डोळ्याचं पारपटल, म्हणजे पुढचा पारदर्शक पडदा, तर कोलॅजन या प्रथिनाच्या तंतूंचं विणलेलं. तंतू इतके बारीक आणि इतक्या शिस्तीत, की त्यांनी विखुरलेला प्रकाश एकमेकांना खोडून काढतो. पारपटल सुजलं, तंतूंची घडी विसकटली, की ते धुरकट होतं. मला हे फार विलक्षण वाटतं.

[दृश्य: प्रकाशतंतूचं वेटोळं.]

1966 साली चार्ल्स काओ आणि जॉर्ज हॉकम या अभियंत्यांनी मांडलं, की काचेत प्रकाश विरतो त्याचा मोठा दोष काचेचा नाही, तिच्यातल्या लोहासारख्या भेसळीचा आहे. किलोमीटरभर गेल्यावर शंभरातला एक भाग जरी उरला, तरी काचेच्या बारीक तंतूतून प्रकाशाने संदेश पाठवता येतील. 1970 मध्ये कॉर्निंग कंपनीच्या संशोधकांनी ती मर्यादा गाठली. आजच्या तंतूत 15 किलोमीटरनंतरही निम्मा प्रकाश शिल्लक असतो.

त्यासाठी निवडलेला रंग डोळ्यांना दिसत नाही: 1550 नॅनोमीटर. तरंग याहून आखूड घेतला, तर काच थिजताना तिच्यात राहून गेलेल्या सूक्ष्म चढउतारांवर तो जास्त विखुरतो. लांब घेतला, की त्या चष्म्याला काळं करणारे बंध थरथरू लागतात. या दोन भिंतींच्या मधल्या अरुंद फटीतून समुद्राखालचे संदेश धावतात.