बाकावरचा दुर्गुण

(जालन्यात आयटीआयच्या निदेशकांपुढे झालेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)

मंडळी, आयटीआयमध्ये एआय आणायचं का, असा विषय मला दिलाय. ते कधीच आलंय, लेकरांच्या खिशातून. आपण फक्त त्याची हजेरी लावलेली नाही.

तीसेक वर्षं मी फिटरच्या पोरांना कानस धरायला शिकवलं. सरकारी कागदावर फिटरला जोडारी म्हणतात, टर्नरला कातारी, वेल्डरला संधाता. वर्कशॉपमध्ये यातला एकही शब्द मी कुणाच्या तोंडून ऐकला नाही. मागच्या वर्षी आमच्यातल्या एका तरुण निदेशकानं प्रात्यक्षिकाचं इंग्रजी पुस्तक एआयकडून मराठीत करून घेतलं. त्यात ‘बेंच व्हाइस’ होतं, म्हणजे जॉब (घडवायचा तुकडा) आवळून धरायचा बाकावरचा शिकंजा. इंग्रजीत व्हाइस म्हणजे दुर्गुणही, म्हणून त्याचं झालं ‘बाकावरचा दुर्गुण’. पोरं आठवडाभर एकमेकांना म्हणत होती, ‘दुर्गुण जरा घट्ट आवळ रे!’

हसू आलं, पण दोष एकट्या यंत्राचा नाही. गुण्या, कानस, पटाशी, रंधा हे शब्द सुतार-लोहाराच्या घरातून पोरं तोंडी घेऊन येतात. आपण ते ट्रेडच्या पुस्तकात कधी आणले? म्हणून माझं पहिलं मागणं अगदी साधं आहे. प्रत्येकानं आपल्या ट्रेडच्या बोलीतल्या शंभर-दोनशे शब्दांची वही करावी आणि भाषांतर मागताना ती वही यंत्रापुढं ठेवावी. फरक लगेच दिसतो.

आता फायद्याचं. बीडकडचा एक पोरगा, आईबाप ऊसतोडीला. मधेच त्याचे पंधरा दिवस बुडाले. व्हर्नियर या मोजपट्टीचा लीस्ट काउंट, म्हणजे तिच्यावर मोजता येणारं सगळ्यात लहान माप, त्याच्या डोक्यात बसेना. मुख्य पट्टीवरचे 49 मिलिमीटर सरकत्या पट्टीवर 50 भागांत का वाटायचे? मला तिसऱ्यांदा विचारायची त्याला लाज वाटली. रात्री फोनवरच्या एआयला त्यानं तेच सात वेळा विचारलं. एक भाग 0.98 मिलिमीटरचा, मुख्य पट्टीवरच्या एक मिलिमीटरशी फरक 0.02, हे सकाळी त्यानंच फळ्यावर मांडलं. सातव्या वेळेला मी नक्की ओरडलो असतो.

पण हाच पोरगा पुढं एक दिवस घासलेल्या जॉबचा फोटो काढून फोनलाच विचारत होता, काटकोन बरोबर आहे का? फोन म्हणाला, छान, अचूक दिसतोय. मी त्याला खिडकीपाशी नेलं. जॉबला गुण्या लावला आणि उजेडाकडं धरला. मधून केसाएवढी उजेडाची रेघ. तो काहीच बोलला नाही, जॉब परत व्हाइसमध्ये बांधला.

सीएनसीवर, म्हणजे संगणकाच्या प्रोग्रामवर चालणाऱ्या मशीनवर, तर हे जिवावर बेततं. प्रोग्राम एआय चटकन लिहून देतं, बहुतेक वेळा चालतोही. पण त्यात जी-झिरो-वन या आज्ञेच्या जागी जी-झिरो-झिरो पडलं तर टूल कापायच्या वेगानं न जाता पूर्ण वेगानं जॉबवर आदळतं. म्हणून आधी पोरानं प्रोग्राम हातानं वहीत लिहायचा, मग एआयचा घ्यायचा, दोन्ही ओळीला ओळ लावून बघायचे, सिम्युलेटरवर चालवायचे, आणि मशीनवर पहिल्यांदा सिंगल ब्लॉकमध्येच, म्हणजे एकेका ओळीला थांबत. वेळ जातो. जाऊ द्या. वाळूज-शेंद्र्याच्या कारखान्यात लागल्यावर पोराला कुणी ‘प्रोग्राम येतो का’ एवढंच विचारणार नाही, ‘यातलं चुकलंय काय’ हेही विचारतील.

थिअरीचा पेपर आता संगणकावर, पर्याय निवडायचा. त्याचा सराव खुशाल यंत्राकडून करून घ्या. पाठ टाचण, सरावाचे प्रश्न, अहवालांचा मसुदाही त्याच्याकडं द्या. वीस पोरांची तुकडी आणि आपला अर्धा दिवस रजिस्टरात, हे दुखणं इथं कुणाला सांगायला नको. तो अर्धा दिवस सुटला तर व्हाइसपाशी उभं राहायचंय, मोबाइल घेऊन स्टाफरूममध्ये नाही. हे मी स्वतःलाही सांगतोय.

आता विचारा काय विचारायचं ते. आपली नोकरी जाईल का, हा प्रश्न मात्र शेवटी घेऊ, चहा आलाय.