हात थरथरतो, पण कशाने?

कापूस वेचणीचे दिवस असून हातांच्या थरथरीचं ऐकायला एवढी मंडळी आलीत, म्हणून सुरुवात वेचणीपासूनच करतो.

माझ्याकडे तपासणीला एक बाई आल्या होत्या, साठीच्या. हात कापत नव्हता. तक्रार सुनेची होती. "आत्याबाई पहिले माझ्यापुढं चालायच्या, आता पऱ्हाटीची एक ओळ काढायलाही मागं राहतात. मोजणीला गाठोडं निम्मं भरते." उजवा खांदा दुखतो म्हणून वर्षभर मलम, शेक, इंजेक्शनं झाली होती. मी त्यांना अंगठ्यावर बोट टपटप आपटायला सांगितलं. डावा हात छान चालला. उजव्याचं बोट चार-पाच वेळा नीट उघडलं, मग उघडणं लहान लहान होत गेलं आणि थांबलंच. अंगणात चालवून पाहिलं, तर डावा हात हलत होता, उजवा अंगाला चिकटलेला. तो पार्किन्सन होता. खांदा त्याच आखडण्याने धरला होता.

लंडनच्या जेम्स पार्किन्सन या डॉक्टरने 1817 साली हा आजार लिहून ठेवला, तेव्हा त्याला 'थरथरता लकवा' म्हटलं. दोन्ही शब्दांनी घोटाळाच केला. हा लकवा नाही, आणि प्रत्येकाचा हात थरथरतही नाही. खरी खूण म्हणजे हालचाल मंदावणं. तिच्यासोबत आखडणं किंवा थरथर, आणि सुरुवात बहुधा एका बाजूने. मेंदूच्या खोल भागात डोपामीन, म्हणजे हालचाल सुरळीत ठेवणारं रसायन, तयार करणाऱ्या पेशी झिजत जातात. हे बाहेर दिसेपर्यंत बऱ्याच पेशी गेलेल्या असतात. मागचं आठवून विचारलं की घरचे सांगतात: फोडणीचा वास कळेनासा झाला होता, पोट साफ होत नव्हतं, बाबाजी झोपेत ओरडत लाथा मारायचे, जसं काही शेतातून रानडुकरं हाकलताहेत. सोसायटीच्या कागदावरची सही बारीक झालेली असते. चेहरा हसत नाही, तर लोक म्हणतात, म्हातारा रुसला.

आता थरथरीचं. हात मांडीवर निवांत ठेवला की कापतो आणि चहाचा कप उचलताना थांबतो किंवा कमी होतो, तर पार्किन्सनचा संशय घ्यावा. उलट, मांडीवर हात शांत आणि कप तोंडाशी नेताना बशीत चहा सांडतो, दोन्ही हात कापतात, वडिलांचेही कापायचे, तर तो बहुधा वेगळा कंप. त्याचं औषध वेगळं, आणि दमेकऱ्यांना ते चालत नाही. थायरॉईड वाढलं तरी हात कापतात. त्याला रक्ताची तपासणी पुरते.

पण माझा जीव सगळ्यात जास्त तुटतो तो गोळ्यांनी आणलेल्या पार्किन्सनसारख्या त्रासापायी. एक काकाजी आले होते, दोन्ही हात आखडलेले, पाऊल फरपटत. पार्किन्सनची गोळी कुणीतरी सुरूही केली होती. मी पिशवी मागितली. तिच्यात गॅसची कॅप्सूल निघाली, आठ महिने रोज सकाळी उपाशीपोटी घेतलेली. तिच्यात लेव्होसल्पिराईड होतं. ती बंद केल्यावर तीन-चार महिन्यांत काकाजी पुन्हा सायकलवर बसले. उलटीची मेटोक्लोप्रामाईड, चक्कर आणि अर्धशिशीसाठीची सिनारिझिन, फ्लुनारिझिन, मानसिक आजारावरच्या काही गोळ्या, यांनीही हेच होतं, कारण त्या डोपामीनचं कामच अडवतात. सगळेच काकाजींसारखे मोकळे होत नाहीत. काहींत खरा पार्किन्सन आधीपासून दबलेला असतो. आणि मानसिक आजाराची गोळी मनाने बंद करू नका. डॉक्टरला विचारा, ते बदलून देतील.

पाय जमिनीला चिकटल्यासारखे, लघवी आवरत नाही, विसरभोळेपणा, असं तिन्ही मिळून आलं तर डोक्यात पाणी साठलेलं असू शकतं. काहींना ऑपरेशनने चालता येतं. पहिल्याच वर्षात माणूस मागच्या मागे पडतो, नजर खाली नेता येत नाही, तर तो पार्किन्सनचा भाऊबंद, पण आजार दुसरा. पोरगा चाळिशीच्या आतला असेल तर अंगात तांबं साठण्याचा आजार तपासायलाच हवा, कारण त्याला औषध आहे. आणि फवारणीनंतर घाम, लाळ, अंग उडणं, दम लागणं सुरू झालं, तर थांबू नका, थेट दवाखाना गाठा. ती विषबाधा आहे.

बकरी विकून एमआरआय काढणारे मी पाहिले. पार्किन्सनमध्ये तो बहुधा नॉर्मलच येतो. तो काढतात दुसरं काही नाही ना हे पाहायला. निदान होतं माणूस चालताना, बसताना, बोलताना पाहून.

कुणीतरी आत्ता कुहिलीच्या बियांचं विचारलं. हो, त्यांत लेव्होडोपा असतं, ज्याचं मेंदूत डोपामीन होतं. पार्किन्सनच्या आमच्या गोळीतही तेच असतं. पण बियांच्या चिमटीत किती गेलं ते कळत नाही. गोळी चालू असताना वरून चूर्ण घेतलं तर हातपाय वेडेवाकडे हलायला लागू शकतात. गोळी जेवणाच्या अर्धा तास आधी, ठरल्या वेळी घ्या आणि एकाएकी सोडू नका.

आता ज्यांनी गोळ्यांच्या पिशव्या आणल्यात, त्यांनी पाराजवळ बसा. रिकामी पाकिटंसुद्धा दाखवा, टाकून देऊ नका. चालण्यापुरती इकडची जागा मोकळी करा, एकेकाला चालवून पाहतो.